आठव्या वल्ह्याचं कडवं

हिवाळी शाळा, निपुविक
गुरुवार, दुपार

माझ्या आईच्या एकुलत्या एक भावास, म्हणजे ती. साकारिसमामांस, भाचा हॉग्नी याचा लवून नमस्कार. मामींनाही सांगावा, आणि कोंबड्यांपैकी जी मला ओळखते तिलाही.

तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही, उत्तर हवं म्हणून विचारतो आहे. गुडघा काय म्हणतो? झोप लागते का? गेल्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही कुठे होतात, आणि त्या वेळी पाठीमागून गार वारा आल्यासारखं काही झालं का? घरात बसायला जागा मिळते ना? (हा प्रश्न विचित्र वाटेल. पुढे वाचलंत की वाटणार नाही.) मी ठीक आहे. वजन दीड किलोनं उतरलं आहे, कारण उभ्यानं जेवलं की कमी जेवलं जातं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी तुमचं नाव एका गाण्यात घातलं आहे, आणि ते गाणं बुडालेल्या लोकांचं आहे. तुम्हाला न विचारता घातलं, याची फार लाज वाटते. येत्या सोमवारच्या आत ते बाहेर काढायचं आहे, आणि ते मला एकट्याला जमेल असं दिसत नाही. फोन करून पाहिला, पण वादळापासून दक्षिणेची लाइन बंद आहे. म्हणून लिहितो आहे. आता सगळं क्रमानं सांगतो.

आईनं मला या शाळेत का घातलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेविसाव्या वर्षीही माझ्या मोज्यांच्या जोड्या तीच लावते, आणि तिच्या मते (माझ्याही मते) सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला हवामानकेंद्रावरची नोकरी हवी असेल तर कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे की हा मुलगा एकटा राहू शकतो. उत्तरेच्या खडकावरच्या त्या केंद्रात एकच माणूस लागतो. दिवसातून चार वेळा वारा, पाऊस आणि पारा वहीत लिहायचा, बस. मला याहून सुंदर काम सुचत नाही. आमच्या मुख्याध्यापिका आर्मगार्डबाई तसं लिहून देतात, पण उगाच नाही. ईस्टरच्या उपासाआधीच्या सोमवारी, सगळं गाव नाचघरात जमलेलं असताना, जो एक अख्खं गाणं पुढे राहून गाईल आणि फेर शेवटापर्यंत नेईल, त्यालाच. बाईंचं म्हणणं असं की शंभर कडवी वाद्याशिवाय, कागदाशिवाय आणि बाईंशिवाय ज्याला नेता येतात त्याला घर चालवता येतं, होडी चालवता येते, आणि रडू आलं तर तेही आवरता येतं. गाणं ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवायचं, मध्ये सोडायचं नाही, हा आपला जुना नियम त्यांना फार आवडतो. (मला तो लहानपणापासून भीतिदायक वाटतो.)

मुलं आपल्या पायावर उभी राहावीत म्हणून बाई आम्हाला काहीही शिकवत नाहीत. काहीही विचारलं की त्यांचं एकच उत्तर असतं. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या धुराड्यानं पेट घेतला. रानवा (ही माझ्या शेजारी नाचते, जिभेनं तिखट आहे, मनानं चांगली असावी) धावत गेली आणि ओरडली, ‘बाई, धुराडं पेटलंय!’ बाई हातातलं विणकाम खाली न ठेवता म्हणाल्या, ‘तुला काय वाटतं, रानवा?’ रानवाला वाटलं की पाणी ओतावं. आग विझली, बटाटे भिजले, आणि बाईंनी वहीत रानवाच्या नावापुढे खूण केली. संडासाचं दार कुठलं हे मला असंच तीन दारं उघडून शोधावं लागलं, त्यातलं दुसरं बाईंच्या खोलीचं होतं. नाचाच्या वेळीही तेच. बाई आमच्या बावीस जणांच्या फेरात हात धरून उभ्या राहतात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि ओठ घट्ट मिटलेले. आम्ही कडवं विसरलो तर पालुपद घोळवत फिरत राहायचं, आठवेपर्यंत. एकदा आम्ही पाऊण तास एकच ओळ म्हणत फिरलो. शेवटी घेरी येऊन एक जण पडला आणि पडताना त्याला पुढचं कडवं आठवलं.

गाणं कुठलं घेऊ असं मी बाईंना विचारलं (उत्तर काय मिळालं ते तुम्हाला कळलंच असेल), आणि सर्वांत लहान म्हणून याच गावचं घेतलं. त्याची कडवी एक्याण्णव. ती गावातले जुने गाणारे त्रोनदुरआजोबा यांच्याकडून तोंडी शिकायची होती. आजोबांच्या मेंढ्यांच्या गोठ्यात मी सतरा दिवस गेलो. गाणं असं आहे की आठ वल्ह्यांची एक होडी स्वच्छ दिवशी मासेमारीला गेली, समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा शांत होता, आणि होडी परत आली नाही. मग एकेका माणसाचं एकेक कडवं: नाव, बापाचं नाव, तो कितव्या वल्ह्यावर होता आणि घरी काय अर्धं टाकून आला होता. कुणी अर्धं विणलेलं जाळं, कुणी चुलीवरचे बटाटे. अशी सात कडवी होतात. मग कुणी गात नाही. फेर एक पूर्ण चक्कर मुकाट्यानं फिरतो, नुसते पाय वाजतात, आणि पुढे गाणाऱ्याच्या डाव्या बाजूचे दोन हात सुटतात. एक माणूस मावेल एवढी फट ठेवतात. चक्कर पुरी झाली की फट मिटते आणि गाणं पुढे जातं.

मी आजोबांना म्हटलं, आठव्याचं कडवं कुठे गेलं? ते एका मेंढीच्या खुरातला खडा काढत होते. म्हणाले, ‘कुठे जाईल? नाहीच ते.’ म्हटलं, पण होडी आठ वल्ह्यांची आहे. ‘आहे की.’ मग आठवा कोण? आजोबांनी मेंढीचा पाय खाली ठेवला आणि म्हणाले, ‘जागा ठेवतो ना आपण त्याला? आणखी काय पाहिजे?’

मामा, तुम्ही मला लहानपणापासून बघता. मला रिकामा रकाना बघवत नाही. कोणे काळी एक कडवं हरवलं आणि लोक आळसानं त्या जागी मुकाट चालायला लागले, अशी माझी खात्री झाली. मी बाईंना विचारलं, हरवलेलं कडवं मी भरून काढू का? बाईंनी त्यांचं नेहमीचं उत्तर दिलं. मला वाटलं, काढावं. (बाईंनी त्या दिवशी एकदाच ‘नको’ म्हटलं असतं तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.) तीन दिवस मी चालीत बसेल असं तीन ठोक्यांचं नाव शोधत होतो. माझं स्वतःचं दोन ठोक्यांचं आहे, आणि खरं सांगायचं तर ते घालायचा धीरही झाला नाही. आपल्या घरच्या मेलेल्या आजोबांचं घालून पाहिलं, ते लंगडत होतं. मग तुमचं घातलं. ते असं चपखल बसलं की माझ्या मानेवर काटा आला, आणि तो मी आनंदाचा समजलो. कडवं असं झालं:

आठव्या वल्ह्याशी साकारिस बसला, दार तसेच उघडे;
अकरा कोंबड्या वाट पाहती, तोंड करुनी समुद्राकडे.

गेल्या गुरुवारी दुपारी तीनला मी ते पहिल्यांदा फेरात गायलो. सातवं कडवं संपलं, रानवाचा हात माझ्या हातातून सुटायला लागला, तो मी घट्ट धरला आणि गाऊ लागलो. कडवं असताना फट कशाला? फेर बंदच राहिला. आणि मग आमच्या पाठीमागून, फेराच्या बाहेरून, कुणीतरी चालायला लागलं. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. फळ्या एकेक करून वाजत होत्या, ओल्या बुटांखाली वाजतात तशा. कडवं संपेपर्यंत ते एक पूर्ण चक्कर फिरलं, प्रत्येकाच्या पाठीशी जरा थबकून. फेरात मान वळवून बघता येत नाही, पाऊल चुकतं, म्हणून कुणी बघितलं नाही. (मी बघू शकलो असतो. पाऊल चुकण्याची सबब माझ्या फार उपयोगी पडली.) गाणं संपल्यावर सगळ्यांनी कडव्याचं कौतुक केलं. फक्त जेवायला जाताना सगळे नेहमीपेक्षा भरभर चालत होते.

त्या संध्याकाळी जेवायला रानवाला जागा मिळाली नाही. आमची बाकं बाईंना धरून तेवीस जणांची आहेत. मी मोजलं. बसलेले बावीस, उभी रानवा एक, एकूण तेवीस. रिकामी जागा एकही नाही. ‘सरका ना जरा, बैलांनो,’ रानवा म्हणाली. सगळे सरकले. तरी जागा झाली नाही. तिनं वाळवलेल्या मटणाची बशी हातात धरून खिडकीशी उभ्यानं जेवण केलं. दुसऱ्या दिवशी कोटांच्या खुंट्यांचं तसंच झालं: खुंट्या तेवीस, कोट तेवीस, तरी त्यांतला एक माझ्या हातात. मग कप. मग रविवारी चर्चमध्ये आमच्या रांगेत. कधी हा, कधी तो उभा राहतो, आणि जिथे गर्दी सगळ्यांत दाट असते तिथला बाकाचा एक टीचभर भाग ओला लागतो. मी बोट लावून चव घेतली. खारट होती. मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बाक चाटणारा म्हणून माझं नाव झालं असतं. ते तरीही झालं, रानवानं बघितलं होतं.

आणि मामा, शाळा सुधारली. उभं राहायला लागू नये म्हणून मुलं भल्या पहाटे उठायला लागली. जी स्वतःहून कधी चमचा उचलत नव्हती ती आपलं स्टूल आपण बनवायला लागली. (स्टूल बनलं की तेही भरलेलंच असायचं.) कुणी कुणाला काही विचारेनासं झालं. बाईंच्या वहीत खुणाच खुणा. शनिवारी बाईंची पाळी आली. त्या सलग दोन दिवस उभ्यानं जेवल्या आणि म्हणाल्या की उभ्यानं जेवणारा माणूसच खऱ्या अर्थानं आपल्या पायावर असतो. पण सोमवारी जेवण झाल्यावर त्यांनी मला जिन्याखाली गाठलं. तोंड पांढरं पडलं होतं. हळूच म्हणाल्या, ‘हॉग्नी, काल मी माझ्या खोलीत गेले. तिथे एकच खुर्ची आहे. मला बसता आलं नाही. हे काय आहे?’ आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, ‘बाई, तुम्हाला काय वाटतं?’ वही काढून त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली, पण वहीकडे न बघता, त्यामुळे ती बरोबरची आहे की चुकीची ते कळत नाही.

मी त्रोनदुरआजोबांकडे पळालो. सगळं ऐकून त्यांनी गोठ्याचं दार लावून घेतलं. ‘त्याची जागा भरलीस तू,’ ते म्हणाले. ‘दरसाल एक चक्कर उभा राहायचा बिचारा, तेवढ्यावर भागत होतं त्याचं. आता जागा बघत फिरणारच. कुणाच्या नावानं भरलीस?’ माझ्या मामाच्या, मी म्हटलं. ‘कधी गेला?’ गेला नाही, दक्षिणेला असतो, कोंबड्या पाळतो. आजोबांनी दाराची कडी पुन्हा तपासली. एक मेंढी खोकली. मग म्हणाले, ‘म्हणजे एका जिवंत माणसाची जागा होडीत झाली, आणि होडीतला घरात जागा शोधतोय. पोरा, हिशेब तू कर.’ मी केला. तो मला इथे लिहवत नाही, तुम्हीही करू नका. मी विचारलं, त्या आठव्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही का? ते म्हणाले, तो दुसऱ्या बेटावरून आलेला गडी होता, त्याच दिवशी सकाळी होडीवर चढला, नाव विचारायचं राहून गेलं. नाव ठाऊक असतं तर कडवंच केलं असतं. नाव नव्हतं म्हणून जागा ठेवली.

यावर सरळ उपाय म्हणजे सोमवारी ते कडवं गायचं नाही आणि पूर्वीसारखी फट ठेवायची. मी तसं वर्गाला सांगितलं. पण आता सगळ्यांना ते पाठ आहे, आणि खरं म्हणजे फेरात तेच सर्वांत जोरात म्हटलं जातं. रानवा म्हणाली, ‘तू नको गाऊस. आम्ही गाऊ. तुझ्या एकट्याचं आहे होय?’ मी म्हटलं, अगं, माझ्या मामाच्या जिवावर बेतलंय. ती म्हणाली, ‘आणि आमच्या नाही? कडवं सोडलं आणि तो चिडला तर? आहे ती जागाही जायची. बाक चाटून बघ काय म्हणतोय.’ बाकीचे हसले, पण एकमेकांना चिकटून हसले. मी बाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या की मुलांनी स्वतः घेतलेला निर्णय त्या मोडू शकत नाहीत, सहा महिने त्याचसाठी तर खपल्या. म्हणजे सोमवारी मी पुढे उभा राहणार, आणि एकवीस स्वतंत्र मुलं माझ्या मागून तुम्हाला होडीत बसवणार. गाणं मी सुरू केलं तर मध्ये सोडता येणार नाही. सुरू केलं नाही तर बाई लिहून देणार नाहीत. आणि बाईंनी लिहून दिलं तरी हवामानकेंद्रात खुर्ची एकच आहे.

आजोबांनी एकच तोड सांगितली. ज्याचं नाव आहे तो जिवंत माणूस स्वतः फेरात यायला हवा, माझ्या डाव्या हाताला. आठव्याच्या कडव्याला त्यानं हात सोडायचा आणि फेरातून बाहेर पडायचं. जिवंत माणूस जागेवरून उठला की जागा रिकामी होते, मग मागून कितीही जण गाऊ देत. तेव्हा मामा, हे पत्र घेऊन येणारी शनिवारची होडी परत फिरेल, तिनंच या. तुम्हाला होडी लागते हे मला ठाऊक आहे, गुडघ्याचंही ठाऊक आहे. नाच येत नसला तरी चालेल, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि मग फक्त सोडून द्यायचं. मामींनी कुरकुर केली तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका, नाचाला बोलावलंय एवढंच सांगा.

कडव्यात दार उघडं लिहिलं आहे म्हणून तुम्ही मात्र ते बंद ठेवा. बाकी मजेत.

तुमच्या पायांशी (ते कोरडे असोत),
हॉग्नी

ता. क. वरचं पुन्हा वाचलं, तर मी तुम्हाला फारच घाबरवलं असं वाटलं. यायला जमत नसेल तर राग नाही. त्याऐवजी तीन ठोक्यांचं एखादं दुसरं नाव पाठवा. माणूस मेलेला असावा, मागे रागावणारं कुणी नसावं, आणि शक्यतो स्वभावानं समजूतदार असावा. तुमच्या शेजारचे, ज्यांनी तुमचं कुंपण हलवलं होतं, त्यांचं नाव तीन ठोक्यांचं होतं असं आठवतं. ते अजून जिवंत असतील तर नको. (फारच त्रास देत असतील तर तुम्ही ठरवा. मी काही म्हणत नाही.)

आणखी ता. क., शुक्रवार. शनिवारची होडी वाऱ्यामुळे आजच सुटली. पत्र घेऊन मी धक्क्यावर धावलो तेव्हा ती पन्नास हात गेली होती. हे पत्र आता उद्या मच्छीमारांच्या बोटीबरोबर पाठवतो. धक्क्यावर एक बाई कोकरू घेऊन चरफडत उभी होती. होडीवाल्यानं तिला जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. होडी आठ उतारूंची आहे. मी तिथून मोजले, पाठमोरे सात दिसले. तिकिटं देणाऱ्या पोराला विचारलं, तर म्हणाला, आठ दिली. आठवा कसा होता? चेहरा आठवत नाही, म्हणाला, पण हात ओला होता आणि दक्षिणेला उतरायचं म्हणत होता. साकारिसकडे.

आज दुपारी जेवायला सगळ्यांना जागा मिळाली. वर एक नवं स्टूल उरलं, त्याच्यावर रानवानं पाय पसरले. बाई बसल्या आणि रडल्या. सगळ्यांना हायसं वाटलं आहे.

मामा, तो तुमच्याकडे या पत्राच्या एक दिवस आधी पोचेल. हे पत्र तुम्ही बसून वाचत असाल, तर उठू नका. उभ्यानं वाचत असाल, तर त्याला उठवू नका. बटाटे वाढा, चुलीजवळ सरकून बसायला सांगा, आणि आजवर कुणी विचारलं नाही ते विचारा. जे नाव सांगेल ते नीट, एकही काना-मात्रा न चुकता लिहून घ्या आणि सोमवार दुपारच्या आत माझ्यापर्यंत पोचवा. ठोके कितीही असोत.